कोल्हापूरचें पॅलेस थिएटर : एका जळित पोथीची चिकित्सा

कोल्हापूर येथील केशवराव भोसले नाट्यगृह ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत सांपडलें आणि छप्पर, रंगमंच व प्रेक्षागृहांतील लांकडी काम यांसह आंतून भस्मसात् झालें, हें वाचकांस विदित आहेच. बाहेरच्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसरा दिवस, म्हणजे ता. ९ ऑगस्ट, हा केशवराव भोसले यांच्या जन्माचा. त्या दिवशीं नाट्यगृहांत जमावयाची मंडळी राखेपुढें जमली. तेव्हांपासून या वास्तूविषयीं विपुल लिहिलें गेलें. त्यांतील शोक खरा होता, आणि शोकांत लिहिलेल्या मजकुराची छाननी लगेच करूं नये हा शिष्टाचार आम्हींही पाळला. आतां मात्र त्या लेखनाकडे साधन म्हणून पाहणें प्राप्त आहे. पुढील पिढी या नाट्यगृहाचा इतिहास बहुधा याच लेखनावरून सांगेल. आणि इमारत पुन्हा कशी उभी करावी याविषयींचीं मतेंही याच लेखनाच्या आधारें बनलीं आहेत.

या सर्व लेखनांत एक मागणी निरपवाद आढळते : नाट्यगृह 'होतें तसेंच' पुन्हा बांधावें. मागणी भावनेच्या दृष्टीनें इतकी स्वाभाविक आहे कीं, तिचा अर्थ काय असें विचारणाऱ्यावर अरसिकतेचा आरोप यावयाचा. तथापि जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांनीं तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. 'होतें तसें' म्हणजे केव्हां होतें तसें? १९१५ सालीं होतें तसें, १९५७ सालीं होतें तसें, कीं आगीच्या दिवशीं दुपारीं होतें तसें? एखादी पोथी जळाली व तिची नक्कल करावयाची झाली, तर आपण प्रथम हेंच विचारतों कीं जळालेली प्रत कोणत्या काळची होती, तींत किती हात लागले होते, आणि तिच्या भगिनीप्रती कोठें आहेत. इमारतीला हाच न्याय लावण्यास हरकत कोणती?

प्रथम जें निश्चित आहे तें सांगूं. छत्रपति शाहू महाराजांच्या (१८७४-१९२२) आज्ञेनें १९१३ ते १९१५ या काळांत ही इमारत बांधली गेली. तिचें मूळचें नांव पॅलेस थिएटर. तिच्या पाठीला लागून महाराजांनींच केलेलें खासबाग कुस्त्यांचें मैदान आहे. केशवराव भोसले यांचें नांव इमारतीस १९५७ सालीं देण्यांत आलें. पुढें ती महानगरपालिकेच्या ताब्यांत राहिली व तिचें वेळोवेळीं नूतनीकरण झालें. एवढें लक्षांत ठेवलें तरी आगीनंतरच्या लेखनांतील अर्ध्या विधानांची तपासणी करतां येते.

उदाहरणार्थ, नांवाचीच गोष्ट घ्या. कित्येक लेखकांनीं शाहू महाराजांनीं १९१५ त 'केशवराव भोसले नाट्यगृह' बांधलें असें लिहून टाकलें आहे. १९१५ सालीं केशवराव पंचवीस वर्षांचे होते, स्वतःच्या कंपनीचे मालक होते, आणि आपलें नांव एखाद्या इमारतीवर जाणार आहे हें त्यांच्या स्वप्नींही असण्याचें कारण नव्हतें. वाचनाऱ्यानें समासांत लिहिलेली टीप पुढच्या नक्कलकारानें मूळ संहितेंत ओढून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. टीप चुकीची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती उत्तम टीप आहे. पण ती १९५७ ची आहे, व तिच्यावरून १९१५ सालाविषयीं कांहींही सिद्ध होत नाहीं.

याच ओघांत केशवरावांची कीर्ति आणि ही वास्तु यांची जी सरमिसळ होते तीही सोडविली पाहिजे. केशवराव १८९० सालीं कोल्हापुरांत जन्मले, लहानपणींच स्वदेशहितचिंतक मंडळींत गेले व देवलांच्या 'शारदें'तील शारदेच्या भूमिकेनें बालवयांतच गाजले. स्वतःची ललितकलादर्श मंडळी त्यांनीं १९०८ सालीं स्थापिली ती हुबळीस. मामा वरेरकरांचें 'हाच मुलाचा बाप' १९१६ सालीं त्यांनींच रंगभूमीवर आणलें. 'संयुक्त मानापमाना'चा जो प्रयोग अजून दंतकथेसारखा सांगितला जातो, ज्यांत धैर्यधर केशवराव व भामिनी बालगंधर्व होते, तो ८ जुलै १९२१ चा, टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेला, आणि मुंबईचा. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव वारले. म्हणजे कंपनी कर्नाटकांतील, कळस मुंबईचा. कोल्हापूर जन्माचें व राजाश्रयाचें. हें सांगितल्यानें कोल्हापूरचा मान उणा होत नाहीं. उलट फिरत्या कंपन्यांच्या त्या काळांत एखाद्या नाटकगृहाचें खरें स्वरूप काय होतें हें येथूनच कळूं लागतें. त्याविषयीं पुढें लिहूं.

दुसरें उदाहरण रोमच्या आख्यायिकेचें. शाहू महाराज १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमारंभासाठीं विलायतेस गेले. त्या प्रवासांत त्यांनीं रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिलें व तें पाहून कोल्हापुरास खासबाग मैदान व नाट्यगृह यांची कल्पना त्यांना सुचली, असें सांगण्याचा प्रघात आहे. आख्यायिकेंत विशेष असंभाव्य कांहीं नाहीं. पण ती दोन वास्तूंना सारखीच लागू पडत नाहीं. मैदान वर्तुळाकार, उघडें, चोहोंकडून उतरत्या बैठकींचें. त्याचें रोमशीं नातें डोळ्यांस दिसतें. नाट्यगृह छपराखालचें, एका बाजूस रंगमंच व समोर प्रेक्षक अशा मांडणीचें. रोमन नाटकशाळा तर उघड्या आभाळाखालीं व अर्धवर्तुळाकार असे. पॅलेस थिएटरची वंशावळ काढावयाची तर ती रोमहून न काढतां मुंबईहून काढली पाहिजे. मुंबईस ग्रँट रोडवर १८४६ सालीं जगन्नाथ शंकरशेट यांच्या साहाय्यानें थिएटर उभें राहिलें. १८५३ त विष्णुदास भाव्यांच्या मंडळीनें तेथें तिकिटें लावून खेळ केले. आणि चौकटीचा रंगमंच, वर गुंडाळला जाणारा पडदा, दराप्रमाणें लावलेल्या बैठकी, हा सारा संच तेथून मराठी कंपन्यांच्या अंगवळणीं पडला. त्याच्याही मागें जावयाचें तर १८४३ सालीं सांगलीस चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांपुढें झालेला 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग येतो. पण तो राजाच्या दरबारीं झालेला, निमंत्रितांचा.

या दोहोंमध्यें पॅलेस थिएटर कोठें बसतें हा आमच्या मतें या वास्तूविषयींचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याकडे आजवर कोणीं नीट लक्ष दिलेलें दिसत नाहीं. सांगलीस नट राजाच्या घरीं गेला. ग्रँट रोडला नट व प्रेक्षक दोघेही व्यापारी घरांत गेले. कोल्हापुरास राजानें संस्थानच्या खर्चानें घर बांधलें, त्यास 'पॅलेस' हें नांव दिलें, आणि तें राजवाड्यांत न बांधतां तालमीच्या मैदानाला पाठ लावून बांधलें. कुस्ती पाहावयास येणारा गांवकरी आणि नाटक पाहावयास येणारा शहरी रसिक यांच्यामध्यें एका भिंतीचें अंतर राहिलें. पुण्याच्या व मुंबईच्या नाटकगृहांस असा शेजार नाहीं. ज्या राजानें १९०२ सालीं नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्यानें नाट्यगृहाची जागा निवडतांना केवळ मोकळी जमीन पाहिली असेल असें मानणें आम्हांस कठीण जातें. हा आमचा तर्क आहे व तर्क म्हणूनच तो वाचकांनीं घ्यावा. पण कोणत्या दराचें तिकीट कोणत्या बैठकीचें, प्रवेशाचे दरवाजे किती व कोणासाठीं, मैदानावर मोठी कुस्ती असे त्या दिवशीं रात्रीं खेळ होई कीं नाहीं, हें सांगणारे दहा-वीस कागद एकत्र मिळाले तर हा तर्क टिकतो कीं पडतो हें ठरेल. अशी परीक्षा ज्याची होऊं शकते तोच तर्क करावा असा आमचा नियम आहे.

आतां या घराच्या गुणदोषांकडे वळूं. ध्वनिवर्धकावांचून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोंचे, ही या नाट्यगृहाची ख्याति. जुन्या प्रत्येक नाटकगृहाविषयीं असें बोललें जातें, व त्यांतील निम्मा गुण घराचा नसून गळ्याचा असे. ध्वनिवर्धक नसतांना नटास आवाज फेंकावा लागे; ज्याला फेंकतां येत नसे तो नट राहत नसे. केशवरावांच्या चढ्या, पल्लेदार गळ्याविषयीं जें लिहून ठेविलें गेलें आहे तें वाचतांना हा हिशेब मनांत धरावा. तरीही उरलेला निम्मा गुण घराचाच, आणि तो मोजण्याजोगा आहे. दालनाचें घनमान किती व त्यांतील पृष्ठभाग ध्वनि किती शोषतात, यावर आवाज किती वेळ रेंगाळेल हें ठरतें, हा सिद्धान्त अमेरिकेंत सॅबिन यानें १९०० च्या सुमारास मांडला. दगड ध्वनि परत फेंकतो. लांकूड व कापड तो थोडाबहुत गिळतात. गाद्यांच्या खुर्च्या पुष्कळ गिळतात. आणि माणसांनीं भरलेलें घर तर सर्वांत अधिक. म्हणून ज्या दिवशीं या घरांत गाद्यांच्या खुर्च्या आल्या व भिंतींवर ध्वनिवर्धक चढले, त्या दिवशींच १९१५ चा आवाज तेथून गेला. तो आगींत जळाला असें समजणें ही कालविपर्यासाची चूक आहे.

या मुद्द्यावर आम्हीं थोडें अधिक लिहितों, कारण यांतच 'होतें तसें' या शब्दांची खरी अडचण आहे. छायाचित्रांवरून कमानी, कोनाडे, कठडे यांची नक्कल करतां येईल. दर्शनी बाजू जेथल्या तेथें आहे. पण जी गोष्ट या घराला इतर घरांहून वेगळी करीत होती, ती छायाचित्रांत येत नाहीं; ती लांबी, रुंदी, उंची, छपराचा उतार, फळ्यांची जाडी यांत असते. तेव्हां नूतनीकरणापूर्वींचीं मापें कोणत्या दप्तरांत आहेत हें पाहिल्यावांचून केलेली नक्कल ही दिसण्यापुरती नक्कल होय. शिवाय लांकडास लांकूड या न्यायानें सर्व जुनें सामान पुन्हा घालणें म्हणजे त्याच आगीस पुन्हा निमंत्रण देणें. हल्लींचे सुरक्षेचे नियम तें करूं देणार नाहींत व देऊंही नयेत. म्हणजे नवी प्रत कितीही निष्ठेनें केली तरी तींत कांहीं शब्द नवे असणारच.

नवे शब्द असण्यांत दोष नाहीं. ते नवे म्हणून न दाखविण्यांत आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत संपादकांस ज्या पाठाविषयीं खात्री वाटली नाहीं त्या पाठाखालीं नागमोडी रेषा छापलेली असते. त्या रेषेनें ग्रंथ विद्रूप झाला असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. उलट त्या रेषेमुळेंच बाकीच्या अक्षरांवर विश्वास ठेवतां येतो. इमारतींच्या बाबतींत हेंच तत्त्व १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं आपल्या जाहीरनाम्यांत लिहून ठेविलें : जेथें अनुमानास आरंभ होतो तेथें जीर्णोद्धार थांबावा, आणि जो भाग नव्यानें भरून काढला तो मुळाशीं सुसंगत असूनही मुळाहून ओळखूं यावा. कोल्हापुरास उरलेला प्रत्येक दगड आणि बसविलेला प्रत्येक नवा दगड यांचा भेद पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दिसेल अशी एखादी साधी खूण ठेवणें खर्चाचें काम नाहीं. खूण न ठेविल्यास काय होतें याचा अनुभव पोथ्यांच्या संग्राहकांस भरपूर आहे. पन्नास वर्षांनीं नवी प्रतच मूळ म्हणून पूजेंत बसते, आणि जुन्या तुकड्यांवर अविश्वास येऊं लागतो.

व्हेनिसचें नांव निघालें म्हणून तेथीलच एका नाट्यगृहाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या शहरांतील फेनिचे नांवाचें गीतनाट्यगृह १९९६ च्या जानेवारींत जळालें. 'होतें तसें, होतें तेथें' अशीच घोषणा तेथेंही झाली, व २००३ च्या अखेरीस तें पुन्हा उघडलें. पण तें 'होतें' म्हणजे काय? तें गृह १८३६ सालींही एकदां जळालें होतें; म्हणजे ज्याची नक्कल करावयाची तेंच मुळीं आधींच्या घराची नवी आवृत्ति. तथापि आमच्या कामाचा भाग निराळा आहे. नक्कल करणाऱ्यांस जुने आराखडे व छायाचित्रें मिळालीं; त्याखेरीज व्हिस्कोंती या दिग्दर्शकाच्या १९५४ च्या 'सेन्सो' नांवाच्या चित्रपटाचा आरंभ त्याच गृहांत चित्रित झालेला असल्यामुळें त्या फिती बारकाईनें पाहून सजावटीचे कित्येक तपशील त्यांनीं मिळविले. ज्यांनीं तो चित्रपट काढला त्यांना आपण एका इमारतीचें साधन निर्माण करीत आहों याची कल्पनाही नसेल. साधन बहुधा असेंच निर्माण होतें. शाकुंतलापासूनच्या नाट्यपरंपरेचा आणि चित्रपटांचा दुहेरी वारसा सांगणाऱ्या कोल्हापुरानें आपल्याही जुन्या फितींकडे या दृष्टीनें एकदां पाहावें.

घरच्या इतिहासांतला दाखलाही आहे. शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला, तट व दरवाजे राहिले, आंतील महाल गेले. त्या महालांविषयीं आज जें कांहीं जबाबदारीनें बोलतां येतें तें दप्तरांतील खर्चाच्या यादी व तत्कालीन वर्णनें यांच्या जोरावर. भिंतींकडे पाहून नव्हे. पॅलेस थिएटरविषयीं तेवढेंही करावयाचें तर कागद कोठें आहेत?

येथें मघाशीं बाजूस ठेविलेला मुद्दा पुन्हा घेतों. त्या काळचें नाटकगृह म्हणजे पोथीच्या दोन लांकडी फळ्या. पोथीचीं पानें निराळीं. कंपनी गांवीं यावी. तिच्याबरोबर तिचे पडदे, कपडेपट, ऑर्गन, दागिने, दिवे, भटारखाना, सारें यावें. महिना दीड महिना बिऱ्हाड असावें. आणि खेळ संपतांच सगळें गाड्यांवर चढून पुढच्या गांवीं जावें. घर मागें रिकामें राही. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधु १९१० नंतरच्या पांचसहा वर्षांत नाटक कंपन्यांच्या पडद्यांबद्दल सर्वत्र नांवाजले होते; आनंदराव १९१६ त वारले आणि बाबूराव पुढें चित्रपटांकडे वळून त्यांचा 'सैरंध्री' १९२० त आला. पण त्यांनीं रंगविलेला पडदा हा घराचा नसे, कंपनीचा असे. कोल्हापुरांत रंगला तरी नागपुरांत फाटे. म्हणून २०२४ च्या आगींत कोल्हापूरच्या नाट्यकलेचा इतिहास जळाला, असें जें लिहिलें गेलें त्यांत अतिशयोक्ति आहे. जळाल्या त्या फळ्या. पानें तेथें कधींच नव्हतीं. तीं शंभर वर्षांपूर्वींच गांवोगांव पांगलीं, आणि त्यांतील कांहीं आज प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांच्या कपाटांत असण्याचा बराच संभव आहे.

ज्या साधनांवर आजवर भिस्त ठेविली गेली तीं कोणतीं हेंही पाहावें. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा 'मराठी रंगभूमि' हा ग्रंथ १९०३ चा, अर्थात् या घराच्या आधींचा. गणपतराव बोडस यांची 'माझी भूमिका' १९४० ची. चिंतामणराव कोल्हटकरांचें 'बहुरूपी' १९५७ चें. गोविंदराव टेंब्यांचीं आत्मपर पुस्तकें तर खुद्द कोल्हापूरच्या संगीतवातावरणांत वाढलेल्या माणसाचीं, म्हणून विशेष मोलाचीं. पुस्तकें तिन्ही लेखकांचीं रसाळ आहेत, व आम्ही तीं पुनःपुन्हा वाचतों. परंतु घटनेनंतर वीस ते चाळीस वर्षांनीं स्मरणावर लिहिलेलें रसाळ गद्य यास इतिहासाच्या क्षेत्रांत आपण काय म्हणतों? बखर म्हणतों. बखरींविषयीं राजवाड्यांनीं १८९८ सालीं पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेपासून जो कडक निकष लावला, तो शिवकालास व पेशवाईस लावावयाचा आणि रंगभूमीस मात्र माफ करावयाचा, हा पंक्तिप्रपंच कशासाठीं? डॉ. विलास संगवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संपादिलेले शाहू-पत्रव्यवहाराचे खंड उपलब्ध झाल्यामुळें राज्यकारभाराच्या बाजूनें निदान तारीखवार पाया तयार झाला आहे. नाटकमंडळ्यांच्या बाजूनें तसा पाया घालण्याचें काम कोणीं अंगावर घेतलेलें नाहीं.

याचा दोष रंगभूमीच्या अभ्यासकांवरच टाकावा असें नाहीं; तो आमच्याकडेही येतो. आमचीच एक चूक येथें सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं दक्षिण महाराष्ट्रांतील एका घरीं जुने रुमाल पाहण्यास आम्ही गेलों होतों. सहा रुमाल निघाले. पांचांत मोडी कागद होते. सहाव्यांत नाटकांच्या जाहिरातींचे कागद, तिकिटांचे अर्धे तुकडे, व एका नटाच्या 'नकले'ची वही. नाटक कंपनींत प्रत्येक नटास त्याच्या भाषणांपुरती व मागल्या बोलाच्या शेवटच्या शब्दांपुरती जी वही मिळे तिला नक्कल म्हणत, हें कांहीं वाचकांस ठाऊक असेल. मोडी कागदांची आम्हीं यादी केली, तिघांच्या मदतीनें नकला उतरल्या, आणि सहावा रुमाल जसा होता तसा बांधून परत दिला. उघडून पाहण्यापलीकडे त्यास हात लावला नाहीं. 'हें काय, खेळांचें आहे' असे शब्द आमच्या तोंडून गेल्याचें आम्हांस चांगलें आठवतें. पुढें कांहीं वर्षांनीं त्या घरीं पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हां घर विकलें गेलें होतें व तो रुमाल रद्दींत गेला होता. पांच रुमालांतील कागद वतनाच्या तंट्याचे होते. तसल्या तंट्यांचे कागद आम्हीं त्यापूर्वीं शेंकड्यांनीं पाहिले होते. सहाव्या रुमालांतली वही कोणत्या नाटकाची होती एवढें सुद्धां आम्हीं टिपून ठेविलें नाहीं.

सबब या विषयावर लिहितांना दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. फक्त कोणत्या कागदांकडे नव्यानें पाहावें एवढें सुचवितों. जाहिरातीच्या हस्तपत्रकावर बहुधा तारीख, खेळाचें नांव, कंपनीचें नांव व दर असतात. परंतु साल पुष्कळदां नसतें, वार व तिथि असते. तेव्हां पंचांग घेऊन साल काढावें लागतें, आणि तें काम या त्रैमासिकाच्या वाचकांइतकें सफाईनें दुसरा कोणी करणार नाहीं. कंत्राटदारानें खेळाची 'नाइट' विकत घेतली असेल तर त्याच्या रोजकिर्दींत घरभाडें, तेल-दिवे, पोलिसांचा व नगरपालिकेचा खर्च यांच्या रकमा निराळ्या दिसतील; त्यावरून घरांत किती माणसें बसत असावीं याचा अदमास येतो. संस्थानच्या बांधकाम खात्याकडील लांकूड, लोखंड, चुना यांच्या खरेदीचे कागद १९१३ ते १९१५ या सालांपुरते जरी कोणाच्या संग्रहीं किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत एकत्र पाहतां आले, तरी वर सांगितलेल्या आवाजाच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा होईल. कौटुंबिक छायाचित्रांत लग्नाची वा सत्काराची मंडळी रंगमंचावर उभी असतात. पाहणारा माणसांकडे पाहतो. त्यांच्या मागची चौकट, कठडा, वरच्या तुळया यांकडे पाहिलें पाहिजे. नकलेच्या वहींत नटानें पेन्सिलीनें केलेल्या खुणा असतात : येथें थांबावें, येथें वन्समोअर आला, येथें पद गाळावें. छापील नाटकांत या खुणा नसतात. एकाच नाटकाच्या दोन गांवच्या नकला जुळवून पाहिल्या तर कोणत्या गांवच्या प्रेक्षकांनीं कोणतें पद पुन्हा मागितलें हें कळूं शकेल. आणि घराच्या रचनेमुळें कोणतीं भाषणें तोडावीं लागलीं हेंही.

भिंती उभ्या आहेत तोंवर एक काम मात्र तातडीचें आहे. उघड्या पडलेल्या दगडकामावर नवा गिलावा चढण्यापूर्वीं दगडांवरील पाथरवटांच्या खुणा, तुळयांचे खोबणे, बुजविलेले दरवाजे, जुन्या रंगाचे थर यांचीं मापें व छायाचित्रें घेऊन तीं छापलीं गेलीं पाहिजेत. बुजविलेला एखादा दरवाजा खासबागेच्या बाजूस निघाला, तर या लेखांतील आमच्या तर्काचा निकाल एका दिवसांत लागेल. तो आमच्या विरुद्ध लागला तरी तीं मापें छापून यावींत.